मोडीतला चषक

मोटारसायकलींच्या शर्यती आणि त्यांतील स्वारांनी वापरून टाकलेल्या वस्तू हा विषय ह्या मासिकाच्या पानांत निघालेला पाहून काही वाचकांच्या भिवया उंचावतील, हे आम्ही जाणून आहोत. जेथे काव्य, इतिहास आणि तत्त्वविचार ह्यांची चर्चा व्हावयाची, तेथे फाटका हातमोजा, घासलेली चामड्याची विजार आणि तडकलेले शिरस्त्राण ह्यांनी शिरावे हे प्रथमदर्शनी विपरीतच वाटणार. परंतु नीतीचे प्रश्न काही नेहमी सोवळे नेसून येत नाहीत. आमच्यापुढे गेली काही वर्षे जो एक प्रश्न दत्त म्हणून उभा आहे, तो लालबागेतील एका पोटमाळ्यावर, ग्रीजच्या वासात उपजला. आणि तेथे उपजला म्हणून तो कमी प्रतीचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

त्या पोटमाळ्याचे धनी आमचे जुने स्नेही आहेत. त्यांचे वडील परळच्या एका कापडगिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपात ती नोकरी गेली ती गेलीच. आणि चिरंजीवांनी एक लहानसे लेथयंत्र घेऊन सुट्या भागांची कामे करण्यास आरंभ केला. आज साठी उलटली तरी तोच व्यवसाय चालू आहे. चाळीतील दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीवर जो पोटमाळा आहे, तेथे त्यांनी चाळीस वर्षांत ह्या शर्यतींच्या स्मृतिवस्तू जमविल्या आहेत. वर शिडीने चढावे लागते, आणि चढल्यावर ताठ उभे राहता येत नाही. त्यामुळे पाहणारा मनुष्य नास्तिक असला तरी आपोआप नमस्काराच्या पवित्र्यात येतो.

ह्या छंदाचे मूळ शोधू गेल्यास ते एका यंत्राच्या नावात सापडते. आमच्या स्नेह्यांच्या बालपणी मुंबईच्या रस्त्यांवर ‘जावा’ आणि पुढे ‘येझ्दी’ ह्या गाड्यांचा संचार असे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने वाँडरर ह्या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा हक्क घेतला, आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. ही माहिती आमच्या स्नेह्यांस शाळेत असतानाच पाठ होती. सनावळ्या मात्र त्यांस कधी पाठ झाल्या नाहीत. पुढे एका जुन्या इंग्रजी साप्ताहिकात त्यांनी वाचले की, बिल आयव्ही नावाचा नामांकित इंग्रज स्वार १९६९ साली पूर्व जर्मनीतील झाक्सेनरिंग येथे सरावाच्या वेळी पडून मरण पावला, तेव्हा त्याच्या खाली जावाच होती. ज्या नावाची गाडी शेजारचे कारकून रोज कचेरीस नेत आणि रविवारी पोराबाळांसह राणीच्या बागेस नेत, त्याच नावाच्या गाडीवर दूर देशी एक मनुष्य वाऱ्याशी झुंजत मेला, ह्या गोष्टीने त्यांच्या मनावर जो परिणाम केला तो आजतागायत उतरलेला नाही. तो साप्ताहिकाचा फाटका कागद हीच त्यांच्या संग्रहातील पहिली वस्तू होय.

ऐन तारुण्यात ते दोन वेळा आगगाडीने मद्रासेस जाऊन आले. शहराजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानांची धावपट्टी होती; तीवर कित्येक वर्षे मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यती होत असत. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई येथे खास शर्यतींसाठी मार्ग बांधला गेला आणि शोलावरमचे दिवस संपले. मुंबईत असे स्थान नव्हते. मुंबईच्या तरुणांनी शर्यतीची हौस सार्वजनिक रस्त्यांवर आणि उड्डाणपुलांवर भागवू पाहिली, तिचे फळ सर्वांस ठाऊक आहे, जे.जे. रुग्णालयाजवळच्या उड्डाणपुलावर अपघातांमुळे २०१० साली दुचाकींस बंदीच करावी लागली. आमच्या स्नेह्यांस ह्या रात्रीच्या धुडगुसाचा मनस्वी तिटकारा आहे. ‘शर्यत म्हणजे जिथे समोरून म्हातारी माणसं रस्ता ओलांडत येत नाहीत ती जागा,’ अशी त्यांची व्याख्या आहे, आणि आम्हांस ती अनेक ग्रंथकारांच्या व्याख्यांहून सरस वाटते.

आता ह्या संग्रहाकडे जरा बारकाईने पाहू. तेथे शर्यतींची कार्यक्रमपत्रके आहेत, क्रमांक रंगविलेल्या पत्र्याच्या तबकड्या आहेत, एक कार्बोरेटर आहे, हातमोजे आहेत. इटलीहून टपालाने मागविलेला एक प्लॅस्टिकचा वाटीसारखा तुकडा आहे. आजचे स्वार वळणावर गाडी इतकी कलती करतात की, आतल्या बाजूचा गुडघा रस्त्यास टेकतो. तो सोलून निघू नये म्हणून पोशाखाच्या गुडघ्यावर हा तुकडा लावलेला असतो. शर्यत संपल्यावर कित्येक स्वार तो उपटून प्रेक्षकांत भिरकावतात. कोरा तुकडा दुकानात कोणासही मिळतो. पण एका बाजूने झिजून तिरपा झालेला, आणि तो अमक्याच्या गुडघ्याचा होता अशी खात्री असलेला तुकडा त्याच्या कित्येक पटींनी महाग असतो. म्हणजे येथे मोल वस्तूचे नसून झिजेचे आहे. पुढे जाऊन असे म्हणता येईल की, मोल जखमेचे आहे.

शिरस्त्राणाच्या बाबतीत तर ही गोष्ट अगदी उघडी पडते. त्याचे बाहेरचे कवच कठीण असते. परंतु खरे काम करतो तो आतला थर. आपण ज्यास थर्मोकोल म्हणतो त्याच जातीच्या पदार्थाचा तो असतो. डोके आपटले म्हणजे हा थर चिरडला जातो, आणि चिरडला जाताना आघाताचा जोर आपल्या अंगावर घेतो. एकदा चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून बनविणारे स्वतःच सांगतात की, मोठ्या पडझडीनंतर शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. तात्पर्य, ज्या क्षणी ते आपले कर्तव्य पार पाडते त्याच क्षणी ते निरुपयोगी होते. आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा जन्म नेमका त्याच क्षणी होतो. शिरस्त्राणाची जन्मकथाही अशीच आहे. अरबस्तानातील पराक्रमामुळे विख्यात झालेला लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्या डोक्यावर काही नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास केला, आणि १९४१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच युद्धात इंग्रज सैन्यातील मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचे झाले. आज जे लाखो लोक हेल्मेट चढवून परळच्या पुलावरून जातात, त्यांस ह्या दोघांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसते. लॉरेन्सच्या गाडीचे कौतुक करणारे मात्र जगभर आहेत. असो.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. दुसऱ्याने सोसलेल्या संकटाची खूण पैसे टाकून घरी आणणे, हे स्वतः न लढता रणांगणावरून तलवार उचलून आणण्यासारखे नव्हे काय? आयल ऑफ मॅन ह्या बेटावर १९०७ पासून शर्यती होत आल्या आहेत. तेथील सुमारे ६० किलोमीटरांच्या डोंगरी मार्गावर आजवर अडीचशेहून अधिक स्वार मेले आहेत. तेथील एखादा हातमोजा लालबागेत आला म्हणजे लालबागेत नक्की काय येते? धैर्य तर येत नाही. धैर्य ही काही हाताला लागणारी वस्तू नव्हे. आमचे स्नेही स्वतः ताशी चाळीस किलोमीटरांच्या वर गाडी हाकीत नाहीत. आणि ते हे लपवीतही नाहीत. ‘ज्याला गाणं येत नाही त्यानं तंबोरा भिंतीला लावू नये का?’ असे ते विचारतात. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. तंबोऱ्यावर रक्ताचा डाग नसतो.

ह्यास दुसरे एक उत्तर असे देता येते की, स्वार आपखुशीने धोका पत्करतो. त्याच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नसते. मग त्याच्या पराक्रमाची खूण जतन करणे हा त्याच्या निवडीचा आदरच नव्हे काय? ह्यात तथ्य आहे, परंतु त्याची मर्यादाही लगेच दिसून आली. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात चेन्नईजवळच्या मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी बंगळुरूचा एक तेरा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. ते वर्तमान आले त्या आठवड्यात आम्ही पोटमाळ्यावर बसलो होतो. आम्ही काहीशा निर्दयपणे विचारले, ‘त्या मुलाचे हातमोजे कोणी आणून दिले तर?’ स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोराचं काही ठेवायचं नाही.’ हा नियम त्यांनी कोठे वाचलेला नव्हता. तो त्यांच्या आतून आला. तेरा वर्षांच्या मुलाच्या संमतीस संमती म्हणता येत नाही, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. परंतु एकदा संमतीचा प्रश्न काढला की तो मुलापाशी थांबत नाही. प्रौढ स्वाराने स्वतःची संमती दिली, हे खरे. पण त्याच्या घरात आणखी माणसे असतात, आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

आणि येथून आम्ही चषकाकडे वळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या स्नेह्यांस चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, एका दुकानाच्या पायरीखाली हा चषक मिळाला. पितळेचा, वरून चांदीचा मुलामा दिलेला, एक कान किंचित वाकलेला. त्यावर शोलावरमचे नाव, ३५० सी.सी. हा वर्ग, आणि एका मराठी मनुष्याचे नाव कोरलेले होते. आपल्याकडचा माणूस शोलावरमला जिंकला होता, आणि त्याचा चषक पंख्यांच्या मोडक्या पात्यांत पडला होता! त्यांनी घासाघीस न करता पैसे दिले. त्या दिवशी आमच्यापाशी त्यांनी जे उद्गार काढले ते जगातील प्रत्येक संग्राहक काढीत असतो: ‘लोकांना किंमत कळत नाही.’

वाचकांनी ह्या वाक्याकडे लक्ष द्यावे. संग्रहाच्या साऱ्या व्यवहाराचे नैतिक समर्थन ह्या एका वाक्यावर उभे आहे. टाकणारा अडाणी, उचलणारा जाणता. टाकणाऱ्याने आपला हक्क अज्ञानाने गमावला, उचलणाऱ्याने तो ज्ञानाने मिळविला, असा हा न्याय आहे. मोठमोठी पदार्थसंग्रहालयेही ह्याच न्यायाने भरली आहेत. आमचाही त्यावर विश्वास होता.

तीन वर्षांपूर्वी शर्यतींचे एक वृद्ध शौकीन हा संग्रह पाहण्यास आले. चषकावरील नाव वाचताच त्यांनी त्या स्वारास ओळखले आणि त्याची कन्या दादरास राहते असेही सांगितले. आमच्या स्नेह्यांची झोप उडाली. चषक त्या घरचा आहे, तो त्या घरी गेला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. एवढी वर्षे पुसून-पुसून ठेवलेली वस्तू देऊन टाकावयाची म्हणून त्यांस दुःख होते, आणि त्या दुःखात थोडासा अभिमानही मिसळलेला होता, हे आम्ही त्यांचे स्नेही असल्यामुळेच लिहू शकतो. एका रविवारी चषक कापडी पिशवीत घालून ते दादरास गेले. आम्हांसही बरोबर नेले.

जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील घर. कन्या पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी आमचे यथोचित स्वागत केले, पाणी दिले. स्नेह्यांनी चषक बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि म्हटले, ‘ताई, हे तुमच्या वडिलांचं. तुमच्याकडेच असायला हवं.’

त्या त्याकडे पाहत राहिल्या. हात मात्र लावला नाही. मग म्हणाल्या, ‘अहो, हे हरवलं नव्हतं. आईनं विकलं होतं.’

स्नेह्यांस वाटले, गरजेपोटी विकले असेल. ते काही समजुतीचे बोलू लागले, तेव्हा बाईंनी त्यांस थांबविले. जिंकल्यानंतर दुसऱ्याच वर्षी वडील सरावात पडले. पाठीच्या कण्यास इजा झाली. पुढे तीन वर्षे ते अंथरुणास खिळून होते. चषक त्यांनी पलंगावरून दिसेल अशा ठिकाणी, कपाटावर, ठेवावयास सांगितला होता. तीन वर्षे ते त्या चषकाकडे पाहत पडून होते. आणि त्यांना उठवणे, बसवणे, पुसणे, भरवणे करीत आई त्यांच्याकडे पाहत होती. ते वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर, १९८४ साली, आईने मोडवाल्याला घरी बोलावले आणि पितळेच्या भावाने चषक देऊन टाकला. घरात त्या वेळी पैशाची अडचण होती काय, असे स्नेह्यांनी विचारले. ‘अडचण होती,’ बाई म्हणाल्या. ‘पण म्हणून नाही विकलं. सोनं होतं की घरात; ते नाही विकलं. आईला ह्याची किंमत पुरती ठाऊक होती. म्हणूनच तोलून दिलं.’

परत येताना पिशवी आमच्या स्नेह्यांच्या मांडीवर होती. दादरपासून लालबागेपर्यंत बसमध्ये आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

ज्या बाईने तो चषक टाकला ती अडाणी नव्हती. तिने जाणून, हिशेब करून, एक वर्ष वाट पाहून टाकला. मग ज्याने तो उचलला त्याचा हक्क कोठून आला? कायदा म्हणेल की, मोडवाल्याने तो विकत घेतला, पुढच्याने मोडवाल्याकडून घेतला, तेव्हा शेवटच्या धन्याचा हक्क निर्वेध आहे. कायद्याशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, एखाद्याने विचारपूर्वक पुसून टाकलेली आठवण जतन करण्याचा दुसऱ्यास अधिकार पोहोचतो काय?

कोणी म्हणेल, आठवण पुसणे हीच मुळी कृतघ्नता आहे. ज्या मनुष्याने पराक्रम केला त्याची खूण नष्ट करण्याचा अधिकार पत्नीसही नाही. हा युक्तिवाद करणाऱ्याने लालबाग ते गिरगाव हा रस्ता अनंत चतुर्दशीस एकदा पायी चालून पाहावा. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ पासून होत आली आहे. दरवर्षी नवी मूर्ती घडते, दहा-अकरा दिवस लक्षावधी लोक तिच्या पायांवर डोके ठेवतात, आणि नंतर रात्रभर मिरवीत नेऊन दुसऱ्या दिवशी ती गिरगावच्या चौपाटीवर समुद्रात सोडतात. इतक्या प्रिय वस्तूचे काय झाले असे परका मनुष्य विचारील; आपण म्हणतो, विसर्जन झाले. ह्यात कोणास कृतघ्नता दिसत नाही. मेलेल्या मनुष्याच्या अस्थी आपण ठेवीत नाही, पाण्यात सोडतो. त्याचे कपडे देऊन टाकतो. सोडणे हा आपल्याकडे आदराचाच एक प्रकार मानलेला आहे. चषकाच्या विसर्जनाचा विधी कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही. त्या बाईने आपल्यापुरता एक विधी शोधून काढला, आणि त्यात मोडवाल्याचा तराजू होता एवढेच. मात्र समुद्र सोडलेली वस्तू परत विकावयास मांडीत नाही, आणि मोडवाला मांडतो. बाईने तो वितळण्यासाठी दिला. तो वितळला नाही ह्यात तिचा दोष नाही.

तथापि विसर्जनाचा हा पक्ष आम्ही फार ताणू इच्छीत नाही. कारण अवशेष जतन करण्याची ओढही ह्याच भूमीत तितकीच जुनी आहे. भगवान बुद्धांच्या देहावशेषांसाठी राजे युद्धास सिद्ध झाले होते आणि द्रोण नावाच्या ब्राह्मणाने आठ वाटे करून तंटा मिटविला, अशी कथा पाली ग्रंथांत आहे. मुंबईहून फार लांब नव्हे, सोपारा येथे ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून लोक ज्यास ओळखीत तो उंचवटा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी खणला. आत दगडी पेटी निघाली. तीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक बसविलेले आणखी करंडक, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! हे तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. फोर्टातील एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आजही ते आहेत. कुंभाराच्या घरी ज्यास कोणी दमडी देणार नाही अशा खापऱ्यांभोवती सोने, स्फटिक, रुपे आणि तांबे. आमच्या स्नेह्यांच्या तडकलेल्या शिरस्त्राणास हसणाऱ्याने ह्या खापऱ्यांस काय म्हणावे? ज्याने सारे सोडले त्याच्या पात्राचे तुकडे ज्यांना सोडवले नाहीत, ते त्याचे भक्तच होते.

आणि शोकातूनही संग्रह होतो. पुण्याचे दिनकर केळकर ह्यांनी उभे आयुष्य खपून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे अशा हजारो वस्तू जमविल्या आणि त्या संग्रहालयास अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. संग्रह मुलाच्या वस्तूंचा नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अनोळखी घरांतील, अनोळखी हातांनी वापरलेल्या वस्तूंनी एका बापाने आपल्या मुलाचे नाव राखले. इटलीतील मार्को सिमोन्चेल्ली हा स्वार २०११ च्या ऑक्टोबरात मलेशियातील सेपांग येथे शर्यतीत पडून मेला, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याचा ५८ हा क्रमांक पुढे कोणासही न देण्याचे २०१६ साली ठरले. हेही एक विसर्जनच म्हणावयाचे. परंतु त्याच्या घरच्यांनी त्याच्या नावाने धर्मादाय संस्था काढली, आणि कोरियानो ह्या त्याच्या गावी त्याच्या वस्तूंचे प्रदर्शन मांडलेले आहे. एका घरात मुलाची गाडी काचेआड उभी राहते, दुसऱ्या घरातून नवऱ्याचा चषक पितळेच्या भावाने जातो. ह्यांपैकी कोणाचे प्रेम अधिक, हे तोलण्याचा तराजू आमच्यापाशी नाही. आणि कोणी तो घेऊन आला तर आम्ही त्यास दारातूनच परत पाठवू.

एवढे मात्र आम्हांस स्पष्ट दिसते की, ठेवणे काय आणि सोडणे काय, दोन्हींत निर्णय ज्यांनी सोसले त्यांचा आहे. चषक जिंकणाऱ्याने सोसले, म्हणून तो कपाटावर ठेवण्याचा त्याचा हक्क. त्याच्या मागे ज्या बाईने सोसले, तिचा तो खाली उतरविण्याचा हक्क. तिसऱ्याने, म्हणजे आमच्या स्नेह्यांनी, काही सोसलेले नाही. त्यांनी फक्त पैसे दिले. अज्ञानात घेतले तोवर त्यांच्याकडे दोष नव्हता. कळल्यावर ते अज्ञान पुन्हा मिळणार नव्हते.

ह्यावर स्नेह्यांचे म्हणणे असे की, मग जिंकल्याची गोष्ट कोठे राहणार? आपल्याकडे ह्या शर्यतींचा नीट लिहिलेला इतिहास नाही. जे आहे ते अशा पत्र्यापितळेवर कोरलेले. चषक वितळला असता तर लालबागेत एका माणसासही ते नाव वाचावयास मिळाले नसते. आम्ही म्हटले, नाव वहीत लिहून ठेवा, चषक कशास हवा? ते म्हणाले, ‘वही कोण उघडतो? चषक बघून माणूस विचारतो, हा कोण?’ आम्हांस ह्यास उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. वस्तू डोळा ओढते, मग कान उघडतात. मनुष्याची घडणच तशी आहे, आणि सोपाऱ्याच्या खापऱ्या काय सांगतात ते हेच.

दादरच्या बाईंनी चषक परत घेतला नाही, हे वर आलेच आहे. परंतु आम्ही निघताना दारापाशी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती, ती येथे नमूद केली पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे ठेवा. मला त्याचा राग नाही. पण लोकांना दाखवाल तेव्हा आईनं विकला तेही सांगा.’ स्नेह्यांनी मान हलविली. हे बाईंचे बोलणे झाले, आईचे नव्हे. आईस तो कोणाच्याही डोळ्यांपुढे नको होता, आणि तिला विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली आहे. कन्येची परवानगी ही आईची परवानगी होते काय, ह्याविषयी आमचे आणि स्नेह्यांचे एकमत नाही. ते म्हणतात, होते. आम्हांस वाटते, अर्धीच होते.

चषक पुन्हा पोटमाळ्यावर गेला. त्याखाली पूर्वी एक चिठ्ठी असे. तीवर वर्ग आणि मार्गाचे नाव लिहिलेले होते. आता नवीन चिठ्ठी आहे. तीत खाली एक ओळ अधिक आहे: ‘विजेत्याच्या पत्नीने १९८४ साली दादर येथे पितळेच्या भावाने मोडीत विकला.’ मुलामा जेथे काळवंडला आहे तेथे स्नेही आता चिंचेने घासत नाहीत. पूर्वी दर दसऱ्यास घासत असत.

गेल्या गणपतीत आम्ही त्यांच्याकडे गेलो असता पुण्याचा एक तरुण संग्राहक वर चढून बसला होता. त्याने चषक हातात घेतला, चिठ्ठी वाचली, आणि ह्याची किंमत काय घ्याल असे विचारले. स्नेही खाली जाऊन कारखान्यातला वजनकाटा घेऊन आले. चषक सहाशे ग्रॅमांच्या थोडा वर भरला. त्यांनी त्या दिवशीचा पितळेच्या भंगाराचा भाव सांगितला, गुणाकार करून दाखविला आणि म्हणाले, ‘एवढी. पण द्यायचा नाही.’ तरुणास ती थट्टा वाटली. तो हसला, आणि गुडघ्याच्या त्या इटलीच्या तुकड्याविषयी विचारू लागला.